खारकिवला परत पाठवायचं का? एका घराने लांबून युद्ध कसं वाचलं त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे आमच्याच घरातलं आहे. नावं बदललीत, गावाचं नाव टाकत नाही, सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव एवढं पुरे. माझी चुलत बहीण सई फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या खारकिव शहरात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. नीटचे मार्क वाईट नव्हते पण सरकारी सीट लागेल एवढेही नव्हते, आणि इथल्या खाजगी कॉलेजची फी ऐकून अण्णांनी (तिचे वडील, माझे काका, बँकेतून रिटायर) कॅल्क्युलेटर गप बाजूला ठेवला होता. युक्रेनमध्ये तेव्हा वीस हजारांच्या आसपास भारतीय होते, बहुतेक असेच मेडिकलवाले, त्यामुळे यात वेगळं असं काही नाही.

नकाशा एकदा डोळ्यापुढे आणा. युक्रेन महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट. खारकिव त्याच्या ईशान्य टोकाला, तिथून रशियाची बॉर्डर ३०-४० किलोमीटर, म्हणजे जयसिंगपूर ते कोल्हापूर. आणि उलट्या बाजूला पोलंडची बॉर्डर हजार किलोमीटर. हे दोन आकडे पुढे लागणार आहेत. आम्ही ते पहिल्या आठवड्यात बरोबर वापरले आणि नंतर सहा महिने साफ विसरलो, म्हणूनच हे लिहितोय.

पहिले दोन आठवडे

२४ फेब्रुवारीला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या दिवशी, सकाळी साडेआठला सईचा फोन, तिकडे पहाटेचे पाच. "अण्णा आवाज येतायत." एवढंच. तोपर्यंत गावातला प्रत्येक माणूस सांगत होता की पुतिन नुसता घाबरवतोय, आत शिरणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीपण तेच सांगत होतो.

मग ती हॉस्टेलच्या बेसमेंटमध्ये आणि आम्ही फोनवर. इथे पहिला निर्णय आला. घरातले थोरले नाना म्हणाले, अरे रशिया आपला दोस्त, बॉर्डर चाळीस किलोमीटरवर, तिरंगा हातात घेऊन तिकडनं निघा म्हणावं, हजार किलोमीटर उलटं कशाला जायचं. व्हॉट्सॲपवर अर्धे लोक नानांच्या बाजूने. अण्णा राजकारणात कधी पडत नाहीत, ते फक्त म्हणाले, ज्या रस्त्याने तोफा येतायत त्याच रस्त्याने माझी पोरगी कशी जाईल? विषय संपला. पुढे रशियाने बॉर्डरपलीकडच्या बेलगोरोदला बस उभ्या केल्यात असं जाहीर केलं, पण खारकिवच्या पोरांना मधली लढाई ओलांडून तिथपर्यंत जाता येईल असा रस्ताच नव्हता.

दुसरा निर्णय २ मार्चचा. आदल्या दिवशी खारकिवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला होता, त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा. स्टेशनवर गेलेल्या पोरांना ट्रेनमध्ये चढता येत नव्हतं. आणि मग दूतावासाचा निरोप आला, खारकिव ताबडतोब सोडा, गाडी नसेल तर चालत निघा, पेसोचिन, बाबाई, बेझल्युदोव्का यापैकी कुठेतरी संध्याकाळी सहाच्या आत पोचा. मूळ निरोपात युक्रेनची वेळ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड होत होत नुसतं "सहाच्या आत" राहिलं, आणि काकू आपल्या घड्याळाकडे बघून रडायला लागल्या की आता वेळ टळली. साडेतीन तासांचा फरक आहे हे डोकं शांत ठेवून सांगायला कोणीतरी लागतं, त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं.

त्याच संध्याकाळी दुसरा फॉरवर्ड, भारतीय पोरांसाठी रशियाने सहा तास युद्ध थांबवलं. छाती फुगवणारा मेसेज होता. नाना म्हणाले सावकाश जा म्हणावं, आता धोका नाही. मी सईला विचारलं तर ती चालता चालता म्हणाली, "दादा, थांबलं असेल तर मग मागे काय फुटतंय?" ती थांबली नाही, पेसोचिनला पोचली. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनीच सांगितलं की युद्ध थांबवल्याची बातमी बरोबर नाही. (हा मेसेज अजून फिरतो, अजून लोक मला पाठवतात.)

पेसोचिनला दोन-तीन दिवस, मग बस, मग लविव, मग पोलंड, झेशुफहून ऑपरेशन गंगाचं (आपल्या सरकारची भारतीयांना परत आणायची मोहीम) विमान, ९ मार्चला दिल्ली.

आता यात बघण्यासारखं काय, तर त्या दिवसांत आम्हाला युद्धाबद्दल जवळपास काहीच माहीत नव्हतं. कोण जिंकतंय माहीत नाही, राजधानी किव पडणार का माहीत नाही. तरी आमचे निर्णय बरोबर आले कारण प्रश्न चिमूटभर होता: आज रात्री सईने कुठे असायचं. आणि उत्तर तपासायला तिथे तिचे कान होते.

अडचण

ती घरी आली आणि अण्णांना युद्ध लागलं. लागलं म्हणजे व्यसनासारखं. सकाळी टीव्ही, दुपारी यूट्यूब, रात्री परत टीव्ही, दिवसाचे पाच-सहा तास सहज. एका चॅनेलवर रशिया संपला, दुसऱ्यावर युक्रेन संपला, तिसऱ्यावर तिसरं महायुद्ध आज रात्री. ते दोन्ही बाजूंचं बघायचे आणि त्यांना वाटायचं दोन्ही बघतोय म्हणजे बरोबर मध्ये उभा आहे. मलाही तसंच वाटायचं. पण दोन थापांच्या मध्ये उभं राहिलं म्हणून पायाखाली खरं येत नाही.

काही नमुने देतो. किवचं भूत, म्हणजे एकट्याने रशियाची विमानं पाडणारा पायलट, अण्णांनी अख्ख्या गल्लीला सांगितला, एप्रिलच्या शेवटी युक्रेनच्या हवाई दलानेच म्हटलं की ती दंतकथा आहे. काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंड बेटावरचे युक्रेनचे सैनिक सगळे मेले म्हणून आम्ही हळहळलो, ते जिवंत होते, पकडले गेले होते. रात्रीचा आकाशात गोळ्यांच्या रांगा सुटतानाचा एक जबरदस्त व्हिडिओ मी स्वतः तीन ग्रुपवर टाकला, तो आर्मा ३ या गेममधला निघाला, आणि ते मला आमच्या दहावीतल्या भाच्याने सांगितलं.

उलटीकडनंही तेच. किवच्या उत्तरेला ६४ किलोमीटर लांब रशियन गाड्यांच्या रांगेचे सॅटेलाईट फोटो आले तेव्हा आम्हाला वाटलं आता दोन दिवसांत खेळ खल्लास. फोटो खरे होते! पण ती रांग आहे की ट्रॅफिक जाम हे फोटो सांगत नव्हता. काळ्या रानात ओल असताना ट्रॅक्टर रस्ता सोडून खाली उतरला की काय होतं हे आमच्या घरात शेंबडं पोरगंपण सांगेल, ती माती तिकडेही काळीच आहे, आणि तरी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की एवढ्या गाड्या रस्त्यावर एकामागे एक का उभ्यात, शेतात का उतरत नाहीत.

मी जरा हुशारी करायला नासाचा आगींचा नकाशा उघडला, फर्म्स म्हणतात त्याला, सॅटेलाईटला जिथे उष्णता दिसते तिथे लाल ठिपका. युक्रेनवर ठिपके बघून अण्णा म्हणाले बघ किती लढाई चाललीय. मग मी नकाशा सरकवत आपल्याकडे आणला तर इकडेही लाल ठिपके! उसाचं पाचट जाळतात त्याचे. म्हणजे त्या नकाशाच्या हिशोबाने आमच्या तालुक्यातही लढाई चालू होती.

आणि मग तेल. संजूदादाचं किराणा दुकान आहे. भारतात येणारं सूर्यफुलाचं तेल बहुतेक युक्रेन आणि रशियातनं यायचं, मार्चमध्ये भाव चढले, त्यात २८ एप्रिलपासून इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. दादाने अण्णांना विचारलं युद्ध किती चालेल, अण्णा म्हणाले वर्ष तरी नक्की. दादाने १५ किलोचे डबे भरून ठेवले, उधारी काढून. २३ मेला इंडोनेशियाने बंदी उठवली, जून-जुलैत भाव उतरले आणि डबे पडेल भावाने काढावे लागले. युद्ध वर्षभर चालेल हा अंदाज बरोबर होता, उलट कमीच होता. तरी पैसे बुडाले, कारण दादाला युद्धाचा अंदाज नको होता, तेलाचा हवा होता, आणि तेलाची चावी त्या दोन महिन्यांत जकार्तात होती.

काय काय पर्याय होते

खरा निर्णय सप्टेंबरमध्ये आला. सईचे वर्ग ऑनलाईन चालू होते, पण ऑनलाईन डॉक्टर होता येत नाही. भारतातल्या कॉलेजांत या पोरांना सामावून घेता येणार नाही असं केंद्राने त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टात सांगितलं. ६ सप्टेंबरला नॅशनल मेडिकल कमिशनने एक वाट मोकळी केली, युक्रेनच्या कॉलेजचं नाव कायम ठेवून दुसऱ्या देशातल्या कॉलेजात शिकायचं, डिग्री मूळ कॉलेजचीच.

आणि योगायोग असा की त्याच आठवड्यात खारकिवच्या भागात युक्रेनने चढाई केली. सगळे उन्हाळाभर दक्षिणेतल्या खेरसनचं नाव घेत होते आणि मारली मुसंडी इकडे, बालाक्लिया, कुप्यान्स्क, १० तारखेला इझ्यूम. नकाशावरचा लाल रंग, म्हणजे रशियाने घेतलेला भाग, चार दिवसांत पुसला गेला. अण्णा हरखले. म्हणाले आता खारकिव सुटलं, रशियाचं कंबरडं मोडलं, दिवाळीपर्यंत संपतंय बघ, सईने सरळ परत जावं, दुसऱ्या देशाचा खर्च कशाला.

तर समोर असलेले पर्याय:

युक्रेनला परत. स्वस्त, ओळखीचं, काही पोरं गेलीही होती.

जॉर्जियात तिबिलिसीला बदली. खर्च वाढणार, वरचं कर्ज काढावं लागणार.

आहे तसं ऑनलाईन, आणि वाट बघत बसायचं.

नाहीतर परत नीट द्यायची, पहिल्यापासून. याच्यावर सई बोललीसुद्धा नाही, ताट उचलून आत गेली.

काय केलं

दोन दिवस घरात वाद झाला आणि तो पूर्ण "रशिया हरतोय का" यावर. माझं म्हणणं हरत नाहीये, अण्णांचं हरतोय, दोघांकडे यूट्यूबचे पुरावे. शेवटी सई वैतागली. "रशिया हरतोय का हे मला नकोय. मी हॉस्टेलच्या पाचव्या मजल्यावर रात्री झोपू शकते का तेवढं सांगा."

तिथून गाडी रुळावर आली. बँकेच्या जुन्या डायरीत अण्णांनी तिच्याकडून प्रश्न लिहून घेतले: बॉम्ब-मिसाईल शहरापर्यंत पोचतात का. लाईट, पाणी, हीटिंग हिवाळ्यात राहील का. कॉलेज खरंच प्रत्यक्ष भरणार का. आणि परत निघायची पाळी आली तर वाट कुठली, विमानं तर २४ फेब्रुवारीपासून बंदच.

पहिल्या प्रश्नाला पाच मिनिटं लागली. मी नकाशावर मोजलं. फ्रंट मागे सरकला होता, खूप सरकला होता, पण बॉर्डर जागेवरच होती. तीच ३०-४० किलोमीटर. बेलगोरोदच्या बाजूने मिसाईल सुटलं तर सायरन वाजायच्या आधी स्फोट होतो असं तिथे राहिलेली पोरं सईला सांगत होती. म्हणजे आम्ही ज्या रंगावर खूश होतो तो रंग आमच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं.

आकड्यांसाठी अण्णांनी एक नियम केला, आणि हा मला फार आवडला, बँकवाल्या डोक्याचा नियम आहे. माणूस स्वतःच्या फायद्याचं सांगतो ते बाजूला ठेवायचं, स्वतःच्या तोट्याचं कबूल करतो ते लिहून घ्यायचं. २१ सप्टेंबरला रशियाच्या संरक्षणमंत्र्यांनी आपले ५,९३७ सैनिक मेले असं सांगितलं, युक्रेन तेव्हा रशियाचे ५० हजारांच्या वर मेले म्हणत होता. दोन्ही आकडे वहीत नाहीत. वहीत काय आहे, तर त्याच दिवशी रशियाने तीन लाख लोकांची भरती जाहीर केली ते. सहा हजारच मेलेत तर तीन लाख कशाला लागतात? आणि दिवाळीत संपवायचं असेल तर कोणी नवी भरती करत नाही. अण्णांनी स्वतःच्या हाताने "दिवाळीपर्यंत" वर काट मारली. ३० सप्टेंबरला पुतिनने चार प्रांत रशियात सामील केल्याचं जाहीर केलं, म्हणजे मागे यायची वाट त्याने स्वतःच बंद केली.

त्याच आठवड्यात तिबिलिसी ठरलं. कर्ज वाढवलं, काकूंच्या पाटल्या गेल्या. वहीत कारण लिहिलं: "नव्या भरतीचं सैन्य घेऊन रशिया हिवाळ्यात खारकिववर परत चाल करणार."

काय झालं

८ ऑक्टोबरला रशियाला क्रिमियाशी जोडणाऱ्या पुलावर स्फोट, १० ऑक्टोबरला रशियाने एका सकाळी युक्रेनभर मिसाईल टाकली आणि मग महिनोन्महिने वीज केंद्रांच्या मागे लागला. १९ ऑक्टोबरला भारतीय दूतावासाने सगळ्या भारतीयांना, विद्यार्थी धरून, मिळेल त्या मार्गाने युक्रेन सोडा असं सांगितलं. सप्टेंबरमध्ये परत गेलेल्या सईच्या दोन मैत्रिणी परत बॅगा घेऊन बॉर्डरवर, एका वर्षात दुसऱ्यांदा.

घरात सगळे म्हणाले अण्णांनी बरोबर ओळखलं. पण वही उघडली की दिसतं, नाही ओळखलं. हिवाळ्यात खारकिववर चाल झालीच नाही, भरती केलेले बरेचसे लोक दुसरीकडे मोडकी फळी सावरायला लागले. निर्णय बरोबर आला तो लाईटमुळे, आणि लाईटबद्दल आमच्या वहीत कारण म्हणून एक अक्षर नव्हतं.

नोंद मात्र होती, ती सापडल्यावर मला जास्त लाज वाटली. ११ सप्टेंबर, इझ्यूम घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, सईच्या मैत्रिणीचा मेसेज: "अख्खं खारकिव अंधारात." रशियाने वीज केंद्रावर मिसाईल टाकलं होतं. अण्णांनी बाजूला लिहिलंय, "चिडून केलं, एकदाच." एक महिना आधी पुढचा सगळा हिवाळा आमच्या हातात आला होता आणि आम्ही त्याला राग म्हणून सोडून दिला, कारण त्या दिवशी आम्हाला लाल रंग पुसलेला बघायचा होता.

अण्णांच्या आणखी एका नियमाचा फायदा नोव्हेंबरमध्ये झाला. १५ तारखेला पोलंडमध्ये मिसाईल पडून दोन माणसं गेली, टीव्हीवर रशियाचा नाटोवर हल्ला, महायुद्ध सुरू. अण्णांनी तोपर्यंत ठरवलं होतं की पहिल्या दिवसाची बातमी पेन्सिलने लिहायची. दुसऱ्या दिवशी पोलंड आणि नाटो दोघांनी सांगितलं की ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं मिसाईल होतं. खोडरबर.

परत करायचं झालं तर

मार्चमध्येच, सई घरी आली त्या दिवशीच विचारायला हवं होतं की आता आपला प्रश्न काय. प्रश्न होताच, शिक्षणाचा, फक्त तातडीचा नव्हता, म्हणून मधले सहा महिने आम्ही दुसऱ्यांचे प्रश्न बघत बसलो. त्या वेळात बदलीची कॉलेजं शोधता आली असती, कर्ज थोडं स्वस्त पडलं असतं. संजूदादाच्या बाबतीत अण्णांनी "तेलाचं मला कळत नाही" असं म्हणायला हवं होतं, पण दिवसाला सहा तास बघणाऱ्या माणसाला हे वाक्य सुचत नाही.

"एकदाच" हा शब्द मी आता वहीत चालवून घेत नाही. काहीतरी पहिल्यांदा झालं तर खाली कोरी ओळ सोडतो, दुसऱ्यांदा होतं का बघायला.

आणि तिथे राहणाऱ्याचं आधी ऐकायचं, पण कशाबद्दल ते बघून. सईच्या मैत्रिणीला लाईट गेली हे नक्की माहीत, युद्ध कधी संपेल हे तिला आमच्याइतकंच माहीत. आम्ही बरोबर उलटं करत होतो, लाईटचं सोडून तिला युद्धाचं विचारायचो.

मे २०२४ मध्ये रशियाने खारकिवच्या उत्तरेला वोवचान्स्कच्या बाजूने परत चाल केली तेव्हा अण्णांनी डायरी काढली, ते जुनं वाक्य बोट ठेवून दाखवलं, बघा मी म्हणालो होतो. सईने तिबिलिसीहून व्हिडिओ कॉलवर वाचलं आणि म्हणाली, "अण्णा, हिवाळ्यात लिहिलंय. कुठल्या, ते नाही." अण्णांनी पेन घेतलं आणि समोर "२०२२-२३" घातलं, मग त्याच ओळीवर काट.

२०२५ मध्ये तिचं शिक्षण पूर्ण झालं. डिग्री खारकिवची, शेवटची तीन वर्षं तिबिलिसीची, आणि सध्या ती इथे घरी एफएमजीईचा (परदेशी डिग्रीवाल्यांना भारतात डॉक्टरकी करायला द्यावी लागणारी परीक्षा) अभ्यास करतेय. टीव्ही त्या खोलीतनं काढून संजूदादाच्या दुकानात ठेवलाय.